वेबसाइटवाल्याच्या चुकीची भरपाई कोण देणार?

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आज वेबसाइट करून देणारा एखादा तरुण असतो. शाळेची साइट त्यानेच केलेली असते, पतसंस्थेची, वधूवर सूचक मंडळाची, दवाखान्याची, तारकर्लीतल्या होम-स्टेची आणि देवगडच्या आंबा बागायतदाराचीही. साइट करून दिली की त्याचं काम संपत नाही. ‘डोमेन-होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या नावाचं आणि ती ठेवायच्या जागेचं, आम्हीच बघतो’ असं तो सांगतो आणि दरवर्षी काही हजारांचं बिल पाठवतो. स्वतःचा सर्व्हर, म्हणजे साइट साठवणारा संगणक, त्याच्याकडे नसतो. मोठ्या कंपनीकडून रीसेलर खातं घ्यायचं आणि त्यातली जागा थोडी थोडी करून गिऱ्हाइकांना विकायची, असा हा धंदा. मुंबईच्या डायरेक्टीने उभारलेल्या रीसेलरक्लबच्या आधारावर असे पुष्कळ छोटे व्यवसाय सुरू झाले. २०१४ मध्ये तो व्यवसाय अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने विकत घेतला. रीसेलरचा पुरवठादार कुठल्या देशातल्या कोणत्या कंपनीच्या मालकीचा आहे, याच्याशी शाळेच्या मुख्याध्यापकांना काही देणंघेणं नसतं. त्यांच्या लेखी होस्टिंग म्हणजे तो तरुण आणि त्याचा मोबाइल नंबर.

माझ्या पाहण्यातल्या अशा व्यावसायिकांपैकी फार थोड्यांकडे व्यावसायिक दायित्वाचा विमा आहे. विमा बाजारात याला प्रोफेशनल इन्डेम्निटी किंवा नुसतं पीआय म्हणतात. आपल्या व्यावसायिक चुकीमुळे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं आणि ते कायद्याने भरून देणं भाग पडलं, तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च विमा कंपनी देते. हा विमा या छोट्या माणसाकडे असायला हवा, आणि त्याला परवडेल, समजेल अशा रूपात तो बाजारात असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या घरादाराचं रक्षण होतं हे त्याचं एक कारण. त्याच्यावर विसंबलेल्या शाळेला, पतसंस्थेला, बागायतदाराला नुकसान झाल्यावर हातात काहीतरी पडतं, हे त्याहून मोठं कारण, आणि त्याची चर्चा कुणी करत नाही.

आधी धोका कुठे आहे ते पाहू. रीसेलरने वरच्या कंपनीचे जे नियम ‘मान्य आहे’ वर टिचकी मारून स्वीकारलेले असतात, त्यांत जबाबदारीची मर्यादा बहुधा स्पष्ट असते: काहीही झालं तरी कंपनी फार तर तुम्ही भरलेल्या शुल्काइतके पैसे परत देईल, धंद्याचं जे नुकसान झालं त्याचं काही देणार नाही. साइट ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं आश्वासन असतं. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटं ती बंद राहिली तरी चालेल. त्याहून जास्त बंद राहिली तर पुढच्या बिलात थोडी सूट. हे झालं वरच्या बाजूचं. खालच्या बाजूला रीसेलरने गिऱ्हाइकाला काय सांगितलेलं असतं? ‘साहेब, काळजीच करू नका, रोज बॅकअप होतो.’ लेखी करार नसतो. असतात ते व्हॉट्सअॅपवरचे संदेश, आणि वाद झाला की पुरावा म्हणून तेच पुढे येतात. वरून मिळालेलं वचन तुटपुंजं आणि खाली दिलेलं वचन मात्र भरभक्कम. या दोहोंमधली सगळी रक्कम त्या एका माणसाच्या अंगावर असते. तो प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचा एकटा मालक, असेल तर त्याचा धंदा आणि तो स्वतः कायद्याला एकच. धंद्याचं देणं त्याच्या बँकखात्यातून, गाडीतून, फ्लॅटमधून वसूल होऊ शकतं.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही, पण लाखो वेबसाइट एका रात्रीत बंद पडल्या. ज्यांनी स्वतःची वेगळी प्रत ठेवली नव्हती त्यांचा डेटा कायमचा गेला. पुढे एका छोट्या गिऱ्हाइक कंपनीने दावा लावला. तिने बॅकअपची सेवा वेगळे पैसे भरून घेतली होती, आणि बॅकअप मूळ सर्व्हरपासून वेगळ्या जागी राहील असं करारात होतं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच इमारतीत होते आणि दोन्ही जळाले. २०२३ मध्ये लिल इथल्या व्यापारी न्यायालयाने ओव्हीएचला एक लाख युरोंच्या आसपास भरपाई देण्याचा आदेश दिला. आग लागणं हा अपघात होता. बॅकअप वेगळ्या जागी ठेवतो म्हणून सांगून तो तिथेच ठेवणं ही मात्र चूक होती, आणि पैसे द्यायला लागले ते या चुकीचे. आपल्याकडच्या रीसेलरने हा फरक नीट मनात धरावा, कारण पीआय विमाही याच फरकावर चालतो. वरच्या कंपनीचं सेंटर जळालं आणि रीसेलरने स्वतःचं काम चोख केलं असेल तर त्याच्यावर दायित्वच येत नाही. मग विमा कंपनी गिऱ्हाइकाला काही देणार नाही, फार तर रीसेलरच्या बचावाचा खर्च करेल. रोजच्या बॅकअपचं सांगून तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवला असेल तर दायित्व आलं.

ओव्हीएच अवाढव्य कंपनी होती म्हणून ती टिकली. जून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डिस्ट्रिब्यूट डॉट आयटी या डोमेन-होस्टिंग कंपनीवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी सर्व्हरवरचा डेटा पुसला आणि त्याच जाळ्याला जोडलेले बॅकअपही पुसले. सुमारे ४,८०० वेबसाइट परत आणता आल्या नाहीत. कंपनी काही दिवसांत दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये डेन्मार्कमधल्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि बहुतेक गिऱ्हाइकांचा डेटा गेल्याचं तिने स्वतः जाहीर केलं. अशा वेळी त्यांच्या सेवेवर ज्यांचा धंदा चालतो त्या छोट्या रीसेलरांचं काय होतं, याच्या बातम्या होत नाहीत. त्यांचे फोन मात्र दिवसभर वाजत राहतात.

परदेशातल्या आगी आणि हल्ले पाहून ‘आपल्याकडे कुठे असं होतं’ म्हणायला जागा राहते. म्हणून घरचं उदाहरण घेऊ, ज्यात आग नाही की हॅकर नाही. डोमेनचं रिन्युअल विसरणं. या धंद्यातली सगळ्यात सामान्य चूक हीच असावी. गिऱ्हाइकाने वर्षाचे पैसे वेळेवर दिलेले असतात. डोमेन मात्र रीसेलरच्या नावावर, त्याच्या ईमेलवर नोंदवलेलं. मुदत संपल्याच्या सूचना त्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात आणि तो गावाला, किंवा दवाखान्यात, किंवा दुसऱ्या प्रोजेक्टच्या गर्दीत. डॉट कॉमच्या बाबतीत मुदतीनंतर काही दिवसांची सवलत मिळते, मग तीस दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येतं, आणि पुढच्या पाच दिवसांनी ते खुलं होतं. खुलं झालेलं नाव टिपायला टपलेले लोक जगभर आहेत. आता हे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात हापूस विकणाऱ्या बागायतदाराच्या बाबतीत झालं असं धरा. पेट्यांच्या ऑर्डर त्या नावावर येतात, ते नाव पत्रकांवर, पेट्यांवर, गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये आहे. साइटबरोबर त्या नावावरचे ईमेलही बंद. आंब्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. जूनमध्ये नाव परत मिळून त्याचा काय उपयोग?

या नुकसानीला रीसेलर थेट जबाबदार आहे, यात वादाला फार जागा नाही. पैसे घेतले, काम केलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगातून सरळ उद्भवणाऱ्या नुकसानीची भरपाई मागता येते, दूरच्या आणि आडवळणाच्या नुकसानीची नाही. बुडालेल्या हंगामातलं किती नुकसान ‘सरळ’ यावर वकील भांडतील, पण दावा उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेऊन स्वतः वापरतो त्याला तो ग्राहकच मानतो, सेवेबाबत मात्र तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. म्हणजे छोटा बागायतदार किंवा घरगुती होम-स्टे चालवणारी बाई जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊन पाहू शकते, पण तिथे तक्रार टिकेलच असं नाही.

आणि इथेच मूळ प्रश्न येतो. निकाल लागला, चार लाख द्या असा आदेश झाला. रीसेलरकडे आहे काय? एक लॅपटॉप, भाड्याचा गाळा, दुचाकीचं कर्ज. आदेशाची अंमलबजावणी करण्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. शेवटी तो तरुण धंदा बंद करून पुण्याला नोकरीला जातो, आणि त्याची बाकीची गिऱ्हाइकं, ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, तीही पासवर्डाशिवाय अडकून पडतात. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा कागदावरच राहतो. विमा असेल तर त्या कागदाचे पैसे होतात. म्हणून मी म्हणतो की या विम्यात गिऱ्हाइकाचा स्वार्थ रीसेलरपेक्षा मोठा आहे, आणि त्याची मागणी गिऱ्हाइकाकडून यायला हवी.

डॉक्टरांच्या क्षेत्रात हे आपण पाहिलेलं आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. तेव्हा या व्यवसायाने खूप नाराजी व्यक्त केली होती. आज इन्डेम्निटी पॉलिसी ही दवाखाना काढणाऱ्या डॉक्टरांसाठी नेहमीची बाब आहे, संघटनांच्या सामूहिक योजना आहेत, आणि त्या घेणारा डॉक्टर निष्काळजी आहे असं कुणी समजत नाही. वेबसाइटवाल्याने विमा घेतला म्हणजे त्याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही, हा समज का असावा?

डेटा संरक्षणाच्या कायद्याने तर निकड वाढवली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार लोकांची माहिती गोळा करणारी संस्था, म्हणजे आपली पतसंस्था किंवा वधूवर मंडळ, तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या रीसेलरच्या कामालाही जबाबदार राहते. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या संस्थेला इतका दंड होणार नाही हे उघड आहे, पण जो काही होईल तो संस्था करारातून रीसेलरकडे ढकलायला पाहणार. दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हा दंड सरकारच्या तिजोरीत जमा होतो. ज्या मुलीचा बायोडेटा आणि फोन नंबर बाहेर गेला तिला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाई देणारं कलम ४३-ए वगळण्याची तरतूद या नव्या कायद्यातच आहे. पीडिताला पैसे मिळण्याचा एक रस्ता बंद होत असताना दुसरा उघडा ठेवणं अधिकच गरजेचं होतं. दंडाची रक्कम पीआय पॉलिसीत सहसा बसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. गिऱ्हाइकाला द्यायची भरपाई, चौकशीतला वकील, डेटा परत आणण्याचा खर्च, हे पॉलिसीच्या शब्दांनुसार बसू शकतं.

या मताला विरोध करणारे तीन मुद्दे मला नेहमी ऐकू येतात. ‘आपल्याकडे कोण कोर्टात जातं?’ हा पहिला. दहा वर्षांपूर्वी तो खरा होता. तेव्हा साइट म्हणजे पत्ता आणि फोटो. आज त्यावर फी भरली जाते, खोल्या बुक होतात, प्रवेशअर्ज स्वीकारले जातात. नुकसान रुपयांत मोजता यायला लागलं की दावे येतातच. दुसरा मुद्दा असा, की करारात जबाबदारीची मर्यादा घातली की विम्याची गरज राहत नाही. मर्यादा जरूर घालावी, लेखी घालावी. पण सगळी जबाबदारी झटकणारा करार गिऱ्हाइकावर अन्याय करतो. वरच्या कंपनीने रीसेलरशी जे केलं तेच रीसेलरने खालच्याशी करायचं, तर शेवटी सगळं नुकसान आंबेवाल्याच्याच पदरात, ज्याला सर्व्हर कुठे असतो हेही माहीत नाही.

तिसरा मुद्दा मात्र गंभीर आहे: विमा आहे म्हणून माणूस ढिला पडेल. याचं उत्तर विम्याच्या रचनेतच शोधावं लागतं. प्रत्येक दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम विमाधारकाला स्वतः भरावी लागते, आणि दावा झाला की पुढच्या वर्षी हप्ता वाढतो किंवा विमा नाकारलाही जातो. त्याहून महत्त्वाचा असतो तो प्रस्ताव अर्ज. बॅकअप कुठे ठेवता? तो परत आणून शेवटचा कधी पाहिलात? लॉगिनला दुसरा टप्पा आहे का? गिऱ्हाइकांची खाती एकमेकांपासून वेगळी आहेत का? चोरीचं, म्हणजे ‘नल्ड’, प्लगइन वापरता का? हे प्रश्न आज या माणसाला कुणीच विचारत नाही. गिऱ्हाइकाला ते सुचत नाहीत, वरच्या कंपनीला पर्वा नाही. खोटं उत्तर दिलं तर दावा बुडतो, त्यामुळे खरं उत्तर देण्याआधी घर नीट लावावं लागतं. अर्ज भरताना झालेली ही आवराआवर मला पॉलिसीइतकीच मोलाची वाटते.

आता बाजारात जे मिळतं त्याची अडचण. आयटी कंपन्यांसाठीच्या ‘एरर्स अँड ओमिशन्स’, म्हणजे पीआयच्याच धर्तीच्या, पॉलिसी भारतात आहेत, पण त्या मोठ्या निर्यातदार कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या. गावातल्या एजंटाला आयुर्विमा आणि गाडीचा विमा ठाऊक. कुणी खटपट करून अशी पॉलिसी घेतलीच, तरी तिच्यातल्या खाचा त्याला समजावून सांगायला कुणी नसतं. ही पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ असते: चूक कधी झाली याहून दावा कधी आला हे महत्त्वाचं. २०२४ मध्ये झालेल्या चुकीचा दावा २०२६ मध्ये आला आणि मधल्या काळात नूतनीकरण चुकलं, तर पैसे मिळत नाहीत. ठरावीक तारखेच्या आधीच्या चुका वगळलेल्या असतात. वीज किंवा इंटरनेट गेल्याने झालेलं नुकसान बहुतेक वेळा बाहेर. करारात तुम्ही कायद्यापेक्षा जास्त काही कबूल केलं असेल तर तो जादा भागही बाहेर, म्हणजे ‘साइट कधीच बंद पडणार नाही’ असं लिहून देणाऱ्याने ते स्वतःच्या खिशातून निभवायचं. आणि न्यायक्षेत्र. न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या मराठी मंडळाची, तिथल्या नातेवाइकाच्या उपाहारगृहाची साइट पुण्यातून सांभाळणारे कमी नाहीत. ‘फक्त भारत’ असं लिहिलेली पॉलिसी तिथे दाखल झालेल्या दाव्याला उपयोगी पडत नाही.

या सगळ्याला उपाय आहे आणि तो आपल्याच विमा नियामकाने दुसऱ्या विषयात करून दाखवला आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘इर्डाई’ने, म्हणजे या नियामकाने, आग व तत्सम आपत्तींसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या उद्योगांना, कोणत्याही कंपनीकडे गेलं तरी तेच शब्द, तेच संरक्षण. आरोग्याच्या बाबतीत ‘आरोग्य संजीवनी’ने तेच केलं. रीसेलरचं टेबल-खुर्ची जळाली तर त्यासाठी साधी सोपी पॉलिसी आहे. त्याचा खरा धोका टेबल-खुर्चीत नाहीच, तो त्याच्या हातून होणाऱ्या चुकीत आहे, आणि त्यासाठी तशी पॉलिसी नाही. सूक्ष्म सेवा-उद्योगांसाठी प्रमाणित व्यावसायिक दायित्व पॉलिसी इर्डाईने काढावी: पाच, दहा, पंचवीस लाखांचे टप्पे, मराठीसह भारतीय भाषांत माहितीपत्रक, डोमेन रिन्युअल, बॅकअप आणि खाती हलवताना होणाऱ्या चुका नावानिशी समाविष्ट, आणि धंदा बंद केल्यावरही निदान दोन-तीन वर्षं दावे स्वीकारण्याची सोय. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण या क्षेत्रात माणसं येतात आणि जातात, चुका मात्र सर्व्हरवर राहतात.

कायद्याने सक्ती करावी असं मी म्हणणार नाही. सक्ती केली तर परवान्याची, तपासणीची, शिक्क्यांची नवी साखळी उभी राहील आणि प्रामाणिक छोटा माणूसच आधी बाहेर फेकला जाईल. मागणी दुसऱ्या बाजूने यावी. नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या शाळा, अनुदानित महाविद्यालयं, पतसंस्था यांनी वेबसाइटचं काम देताना दरपत्रकाबरोबर पीआय पॉलिसीची प्रत मागावी, आणि सुरुवातीच्या दोन वर्षांत ती असणाऱ्याला दरात थोडी सवलत द्यावी, म्हणजे हप्त्याचा भार एकट्यावर पडणार नाही. जिल्ह्याच्या संगणक व्यावसायिक संघटनांनी डॉक्टरांसारखी सामूहिक पॉलिसी घ्यावी; पन्नास जण एकत्र आले की विमा कंपनीशी बोलणी करता येतात आणि हप्ताही उतरतो. आणि रीसेलरने विमा मिळेपर्यंत थांबू नये. या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं डोमेन त्या गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर करून द्यावं, बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर न्यावा, एकदा तो परत उतरवून चालतो का ते पाहावं, आणि आपण काय देतो व काय देत नाही हे एका पानावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढे विमा कंपनीचा अर्ज हातात पडेल तेव्हा त्यातल्या बहुतेक रकान्यांची उत्तरं त्या पानावर तयार असतील.